पतीच्या आजारपणात उशाशी बसलेल्या रमाबाईंनी पुढे पुण्यात नर्सेस घडवल्या

‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे रमाबाई रानडे घराघरात पोहोचल्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आलेली आणि नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेली मुलगी सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण मराठी घरातल्या बायकांना नर्सिंगची वाट दाखवण्यात याच रमाबाईंचा मोठा वाटा होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं आडनाव कुर्लेकर. १८७३ मध्ये त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. शिकणारी सून घरातल्या बायकांना खपत नव्हती. रमाबाईंनी बोलणी खाल्ली, पण शिकणं सोडलं नाही.

१९०० सालच्या शेवटी न्यायमूर्तींचा हृदयविकार बळावला. डिसेंबरमध्ये लाहोरला जायचं होतं, ते प्रकृतीमुळे राहून गेलं. तेव्हा ईसीजी नव्हता, आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. छातीत कळ आली की डॉक्टर येईपर्यंत उशाशी बसलेल्या माणसावरच सगळी भिस्त असायची. ते माणूस म्हणजे रमाबाई. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. एकोणसाठ पूर्ण व्हायला दोनच दिवस उरले होते. रमाबाईंनी तर चाळिशीही गाठली नव्हती. त्या शेवटच्या दिवसांबद्दल त्यांनी १९१० साली आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं आहे.

त्यानंतर रमाबाई पुण्यात राहायला गेल्या. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने तिथे सेवासदन उभं राहिलं. शिवण, अध्यापन यांच्या जोडीला नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं आणि सेवासदनच्या मुली ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. त्यात विधवाही होत्या.

हे सोपं नव्हतं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, जातपात न बघता मलमूत्र काढायचं, हे काम चांगल्या घरातल्या बाईचं नाही, असं लोक मानत. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी स्वतः पाठीशी उभ्या राहिल्या, म्हणून अनेक घरांनी मुलींना पाठवलं. १९२४ मध्ये रमाबाई गेल्या. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढलं.

आज औषधं खूप सुधारली, पण उशाशी बसणाऱ्याचं महत्त्व कमी झालेलं नाही. पालघर तालुक्यात सूर्या नदीकाठच्या मासवणसारख्या गावात हृदय कमजोर झालेला रुग्ण दवाखान्यातून घरी येतो, तेव्हा नर्सताईने समजावलेल्या साध्या गोष्टीच त्याला सांभाळतात:

• रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं पडल्यावर दम लागला, तर लगेच दवाखाना गाठा.
• मीठ कमी करा. लोणचं, पापड, सुकी मासळी यांतही मीठच असतं.
• बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.
• अंगदुखीची गोळी परस्पर दुकानातून आणू नका. अशा अनेक गोळ्यांनी अंगात पाणी साठतं.
• प्रत्येक तपासणीला सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या.

हे समजावून सांगणारी नर्स आज आपल्याच गावातली, आपल्याच भाषेत बोलणारी असते. शंभर वर्षांपूर्वी ही गोष्ट अशक्य वाटत होती. ती शक्य करणाऱ्यांत रमाबाईंचं नाव फार वर आहे.