गणेशपुरीचे नित्यानंद : मिळाले ते पुढे देणारे जीवन

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या खोऱ्यात गणेशपुरी हे गाव वसले आहे. शेजारीच वज्रेश्वरी आहे. १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतल्यानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ बांधविले, हा इतिहास उत्तर कोकणातील माणसाला लहानपणापासून ठाऊक असतो. या परिसरात जमिनीतून गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे वाहतात. सांधेदुखी आणि त्वचेचे विकार बरे व्हावेत म्हणून सर्व जातिधर्मांचे लोक या कुंडांवर पूर्वापार स्नानासाठी येत आले आहेत.

याच गावी १९३६ च्या सुमारास एक मनुष्य येऊन राहिला. त्याच्यापाशी अंगावरील लंगोटीखेरीज काहीही नव्हते. तो कोणाशी फारसे बोलत नसे. पंचवीस वर्षांनंतर, ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्याने येथेच देह ठेवला, तेव्हा मुंबई, मंगळूर, बंगळूर आणि केरळ येथील असंख्य लोक त्याला आपला मार्गदर्शक मानीत होते. त्याचे नाव नित्यानंद.

आपल्या जीवनाला अर्थ कशामुळे येतो, हा प्रश्न प्रत्येक विचारी माणसाला कधी ना कधी पडतोच. उत्तरासाठी आपण ग्रंथ वाचतो, प्रवचने ऐकतो, थोरामोठ्यांचा सल्ला घेतो. नित्यानंदांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही आणि व्यासपीठावरून उपदेश करणे हा त्यांचा मार्ग नव्हता. तरीही या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या आयुष्यात दिसते. नित्यानंदांच्या निधनानंतर चारच वर्षांनी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांविषयीचा आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, अशी ग्वाही त्या जाहीरनाम्याने दिली. त्याच दृष्टीने या जीवनाकडे आपण पाहू या.

नाव-गाव नसलेले मूल

नित्यानंदांची जन्मतारीख कोठेही नोंदलेली नाही. चरित्रकार १८९७ हे वर्ष सर्वसाधारणपणे धरतात. केरळमधील कोझिकोडच्या परिसरातील तुणेरी या गावाजवळ एक अर्भक बेवारस स्थितीत सापडले. त्याचे आईवडील कोण, कूळ कोणते, जात कोणती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. उण्णियम्मा या शेतकरी कुटुंबातील स्त्रीने त्या बाळाला पदराखाली घेतले. तिचे पती चातू नायर हे ईश्वर अय्यर या धनिक वकिलाची शेती सांभाळीत. दांपत्याला स्वतःची पाच मुले होती. तरीही त्यांनी या सहाव्या मुलाला घरात जागा दिली आणि त्याचे नाव रामन असे ठेवले.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. त्या वेळच्या केरळात जातिभेद अत्यंत कठोर होता. कोणी कोणापासून किती पावलांचे अंतर राखावे, याचेही नियम होते. अशा समाजात, ज्याच्या जातीचा काहीच पत्ता नाही असे मूल एका घराने आपले मानले. पुढे हजारो लोक ज्यांच्या दर्शनाला आले, त्यांच्या आयुष्याचा आरंभ एका गरीब बाईच्या या निर्णयापासून झाला आहे. तिने हा निर्णय घेतला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

रामन तीन वर्षांचा असताना चातू नायर वारले. सहाव्या वर्षी उण्णियम्माही गेल्या. मृत्यूपूर्वी त्यांनी या मुलाला ईश्वर अय्यर यांच्या हवाली केले. अय्यर हे धर्मनिष्ठ ब्राह्मण गृहस्थ होते. त्यांनीही हा भार आनंदाने उचलला आणि मुलाला आपल्याबरोबर तीर्थयात्रेला नेले. जन्मदात्यांनी सोडलेले मूल अशा रीतीने दोन घरांच्या मायेवर वाढले.

भटकंती आणि परतणे

काशीच्या यात्रेत, वयाच्या दहा-बारा वर्षांच्या सुमारास, या मुलाने अय्यरांचा निरोप घेतला आणि तो एकटाच निघून गेला. पुढील काही वर्षे त्याने उत्तर भारतात आणि हिमालयाच्या परिसरात काढली, असे सांगितले जाते. त्या काळाची खात्रीलायक माहिती फारशी उपलब्ध नाही आणि नित्यानंदांनी स्वतःविषयी बोलण्याचे नेहमीच टाळले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या सर्व चरित्रांत आढळते. ईश्वर अय्यर आजारी असताना हा तरुण त्यांच्याकडे परत आला आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याजवळ राहिला. त्याच्या सहवासात अय्यरांना जे समाधान लाभले, त्यावरून त्यांनीच त्याला नित्यानंद हे नाव दिले, असे सांगतात. ज्याने सर्व नाती मागे सोडली होती, तो उपकारकर्त्याच्या आजारपणात मात्र त्याच्या उशाशी आला. वैराग्य म्हणजे माणसांविषयीची बेफिकिरी नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

कान्हनगडच्या गुहा

पुढे नित्यानंद दक्षिण कर्नाटकात आणि उत्तर केरळात वावरू लागले. मंगळूर परिसरातील कोंकणी आणि कन्नड भाषक कुटुंबांत त्यांचा मोठा भक्तवर्ग तयार झाला. १९२० च्या दशकात भावावस्थेत त्यांच्या मुखातून निघालेले विचार काही भक्तांनी कन्नडमध्ये टिपून घेतले. ते पुढे चिदाकाश गीता या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या नावावरचा ग्रंथ म्हणून लोक याच संग्रहाकडे पाहतात. तो त्यांनी लिहिलेला नाही.

केरळमधील कान्हनगड येथे त्यांनी जांभ्या दगडात गुहा खोदण्याचे काम हाती घेतले. चाळीसहून अधिक गुहांचा हा समूह आजही पाहावयास मिळतो. या कामावर पुष्कळ मजूर होते आणि त्यांना मजुरी वेळेवर मिळे. लंगोटी नेसणाऱ्या साधूकडे एवढा पैसा येतो कोठून, असा संशय सरकारी अधिकाऱ्यांना आला. खोट्या नोटांचा संशय धरून पोलिसांनी चौकशी केल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्या कथेला पुढे चमत्काराची जोड मिळाली. मगरींच्या डोहात बुडी मारून त्यांनी मूठभर पैसे वर काढून दाखविले, असे भक्त सांगतात.

चमत्कारांच्या खरेखोटेपणात आपण शिरण्याचे कारण नाही. नित्यानंद स्वतः अशा गोष्टींचे श्रेय घेत नसत. जे घडते ते ईश्वराच्या इच्छेने घडते, अशी त्यांची भूमिका होती. या कथेतील आपल्या उपयोगाचा भाग साधा आहे. त्यांच्याकडे जे येई, ते मजुरांच्या हातात जाई. गरिबाला काम मिळाले आणि घामाचा मोबदला मिळाला. साठवणूक झाली नाही.

तानसेच्या खोऱ्यात

तानसेच्या खोऱ्यात नित्यानंद १९२३ च्या सुमारास प्रथम आल्याचे सांगितले जाते. कायमच्या वास्तव्यासाठी मात्र ते १९३६ च्या सुमारास गणेशपुरीला आले. येथील प्राचीन भीमेश्वर मंदिराची व्यवस्था पाहणाऱ्या कुटुंबाकडे त्यांनी राहण्याची परवानगी मागितली. त्या कुटुंबाने त्यांच्यासाठी झोपडी उभारून दिली. पुढे प्रसिद्धीला आलेल्या आश्रमाचा आरंभ एवढाच होता.

तेव्हा गणेशपुरी म्हणजे रानातील वस्ती होती. आसपास वारली, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी अशा आदिवासींचे पाडे होते. जमीनदार आणि सावकार यांच्या पाशात सापडलेला, अर्धपोटी राहणारा आणि नागर समाजाने तुच्छ लेखलेला हा वर्ग होता. मुंबईला पाणी पुरविणारा तानसा तलाव १८९२ मध्येच बांधून झाला होता. खोऱ्यातील पाणी शहरात पोहोचले, परंतु शहरातील सुधारणा या खोऱ्यात पोहोचल्या नव्हत्या.

नित्यानंदांनी या लोकांना जवळ केले. दर्शनाला येणारे भक्त फळे, मिठाई, धान्य, कपडे आणि पैसे आणीत. ते सारे आदिवासी मुलांना आणि त्यांच्या आईबापांना वाटले जाई. मुलांसाठी शाळा सुरू झाली. मंदिराची आणि गरम पाण्याच्या कुंडांची व्यवस्था सुधारली. लहान मुलांना रोज पोटभर जेवू घालण्याची प्रथा येथे रुजली. बालभोजन या नावाने ती त्यांच्या पश्चातही चालू राहिली.

ज्याला कोणी तरी उचलून घेतले आणि परक्या घरच्या अन्नावर ज्याचा पिंड पोसला, तो मोठेपणी परक्यांच्या मुलांना अन्न देत होता. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी कधी बोलून दाखविला की नाही, याला महत्त्व नाही. त्यांच्या आयुष्यात तो संबंध स्पष्ट दिसतो.

गर्दीतील मौन

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात गणेशपुरीची ख्याती वाढत गेली. मुंबईहून व्यापारी, वकील, डॉक्टर, हॉटेलमालक, गिरणी कामगार आणि गृहिणी येऊ लागल्या. कोणाला आजारातून बरे व्हायचे होते, कोणाला मूल हवे होते, कोणाचा व्यवसाय बुडाला होता. ते साध्या आसनावर बसलेले किंवा पहुडलेले असत. लोक समोरून जात. कधी ते एखादा शब्द बोलत, कधी नुसता हुंकार देत, तर कधी दृष्टीही वर उचलीत नसत. लांबून आलेल्या माणसाला प्रथम याचे वैषम्य वाटे. पुष्कळांना मात्र त्या शांततेत बसल्यावर आपला प्रश्न आपल्यालाच नीट ऐकू येऊ लागे.

याच भक्तांमध्ये कर्नाटकातून आलेले स्वामी मुक्तानंद होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, त्यांना नित्यानंदांकडून दीक्षा मिळाली. १९५६ मध्ये गणेशपुरीजवळच त्यांचा आश्रम सुरू झाला. १९७० नंतर त्यांच्या दौऱ्यांमुळे गणेशपुरीचे नाव अमेरिका आणि युरोपपर्यंत पोहोचले.

अशा दुर्गम गावाकडे लोकांची रीघ लागल्याचे एक उदाहरण आपल्या श्रद्धापरंपरेतही आहे. संत जॉन मेरी व्हियानी १८१८ मध्ये फ्रान्समधील आर्स या अवघ्या दोनशे-अडीचशे वस्तीच्या खेड्यात धर्मगुरू म्हणून गेले. ४ ऑगस्ट १८५९ रोजी ते निवर्तले, तोवर दरवर्षी हजारो यात्रेकरू त्यांच्यापाशी पापनिवेदनासाठी येत असत. त्यांनीही गरीब आणि अनाथ मुलींसाठी घर व शाळा चालविली आणि स्वतः उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढले. दोघांच्या श्रद्धा भिन्न, उपासना भिन्न. व्हियानींचे सारे जीवन प्रभू येशूच्या वेदीभोवती फिरत होते. हा भेद पुसण्याचे कारण नाही. परंतु लोक दोघांकडेही का गेले, याचा विचार करता एक साम्य आढळते. ज्याला आपल्याकडून स्वतःसाठी काहीच नको आहे, त्याच्यावर माणूस निःशंकपणे विश्वास टाकतो.

अखेर

२७ जुलै १९६१ रोजी गुरुपौर्णिमा होती. प्रकृती खालावलेली असतानाही त्या दिवशी नित्यानंद उपस्थित भक्तांशी बोलले. हे त्यांचे अखेरचे निरूपण ठरले. त्यानंतर बाराव्या दिवशी, ८ ऑगस्टला, त्यांचे देहावसान झाले. गणेशपुरीतच त्यांची समाधी बांधण्यात आली. आज तेथे भव्य मंदिर आहे, यात्रेकरूंसाठी निवास आहेत, दुकाने आहेत.

स्थान मोठे झाले की तेथे मागण्यासाठी जाणाऱ्यांची संख्या वाढते. हे प्रत्येक तीर्थक्षेत्राच्या बाबतीत घडते आणि आपली तीर्थक्षेत्रेही त्याला अपवाद नाहीत. मेणबत्ती लावताना आपल्या ओठांवर बहुधा एखादे मागणेच असते. त्यात गैर काही नाही. दुःखी माणसाने देवाकडे मागायचे नाही, तर कोणाकडे मागायचे? परंतु मागून परतल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. ज्याची समाधी पाहण्यासाठी लोक जातात, त्याने आयुष्यभर काय केले, याकडे पाहिले तर त्याचे उत्तर मिळू शकते.

आपल्यासाठी

जीवनाचा अर्थ शोधताना आपण बहुधा काहीतरी मिळविण्याच्या दिशेने निघतो. अधिक ज्ञान, अधिक शांती, अधिक कृपा आपल्याला हवी असते. नित्यानंदांचे चरित्र आपले लक्ष दुसरीकडे वळविते. आपल्याला जे आधीच मिळाले आहे, त्याचे आपण काय केले, असा प्रश्न ते विचारते. आपल्यापैकी प्रत्येकाला कोणीतरी उचलून घेतले आहे. कोणाला आजीने वाढविले, कोणाची फी शिक्षकाने भरली, तर कोणाच्या पडत्या काळात शेजाऱ्याने चूल पेटती ठेवली. हे ऋण ज्याचे त्याला फेडता येतेच असे नाही. उण्णियम्मांचे ऋण फेडण्यापूर्वीच त्या गेल्या होत्या. म्हणून ते पुढे द्यावे लागते, ज्याने आपल्याला काहीच दिलेले नाही अशा एखाद्याला.

फुकट मिळाले आहे ते फुकट द्यावे, ही शिकवण प्रभू येशूने आपल्या शिष्यांना धाडताना दिली. संत मत्तयच्या शुभवर्तमानात ती आपण अनेकदा ऐकली आहे. आपल्याच परिसरातील पाड्यांवर आजही कुपोषित बालके आहेत. आपल्या धर्मग्रामात शिक्षण अर्धवट सोडावे लागलेला एखादा मुलगा आहे. आपल्या गल्लीत कोणीही विचारपूस न करणारे वृद्ध आहेत. अर्थपूर्ण जीवनाचा शोध घेण्यासाठी हिमालयापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. त्यांच्यापैकी एकाच्या घरापर्यंत चालत गेले, तरी आरंभासाठी ते पुरेसे आहे.