मालक तयार होता, हातात कसब होतं, तरी फ्रेडरिक डग्लसला काम मिळालं नाही

फ्रेडरिक डग्लस म्हटलं की अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्धची त्याची भाषणं आणि पुस्तकं आठवतात. पण त्याआधी तो जहाजबांधणीतला कारागीर होता. लाकडी जहाजाच्या फळ्यांमधल्या फटींत जुन्या दोरखंडाचे तंतू ठोकून वर डांबर ओतायचं, म्हणजे पाणी आत येत नाही. हे त्याचं काम.

१८१८ च्या सुमारास मेरीलँडमध्ये तो गुलाम म्हणून जन्मला. १८३६ मध्ये त्याला हे काम शिकायला बाल्टिमोरच्या एका गोदीत धाडलं. तिथं गोरे आणि स्वतंत्र काळे सुतार एकत्र काम करायचे. एक दिवस गोऱ्यांनी काम बंद पाडलं. काळे या धंद्यात शिरले तर आपली रोजी जाईल, ही भीती. मग शिकाऊ पोरांनाही चेव आला. चौघांनी फ्रेडरिकला इतकं मारलं की डोळा जाता जाता वाचला. पन्नासेक गोरे सुतार बघत उभे होते. गुन्हाही नोंदला गेला नाही, कारण गोरा साक्षीदार पुढे आला नाही आणि काळ्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालायचीच नाही.

पुढे दुसऱ्या गोदीत तो तरबेज झाला, दिवसाला दीड डॉलर कमवू लागला. अर्थात, पैसे मालकाच्या खिशात.

३ सप्टेंबर १८३८ ला तो खलाशाच्या वेशात पळाला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला पोहोचला. डग्लस हे आडनाव त्याने तिथंच घेतलं. आता गुलामगिरी नव्हती, बंदरात कामही भरपूर होतं. रॉडनी फ्रेंच नावाच्या गुलामगिरीविरोधी जहाजमालकाने त्याला कामावर पाठवलं. पण डग्लस जहाजापाशी गेला तेव्हा कळलं, त्याने एक जरी ठोका मारला तर सगळे गोरे कारागीर काम सोडून जाणार. गप्प बसून त्याने लाकडं फोडली, कोळसा उपसला, माल चढवला. कारागिराला रोज दोन डॉलर मिळायचे, हमालीत एकच.

१८४१ पासून त्याची भाषणं गाजू लागली, १८४५ ला आत्मचरित्र आलं, मग स्वतःचं वर्तमानपत्र. मुलगा लुईस तिथंच छपाई शिकला. यादवी युद्धात लढूनही आला. १८६९ मध्ये त्याला वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यात नोकरी लागली, तेव्हा कामगार संघटनेने सदस्यत्व नाकारलं. डग्लसने मुलाची बाजू जाहीरपणे मांडली, पण सदस्यत्व मिळालं नाही. शेवटी लुईस वडिलांच्याच ‘न्यू नॅशनल एरा’ या वर्तमानपत्रात काम करू लागला.