ज्ञातिभूषण कै. चिंतामणराव देशमुख

बाजीप्रभू आणि मुरारबाजी यांच्या पराक्रमाने आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीचे नाव इतिहासात अजरामर झाले. बाळाजी आवजी आणि खंडो बल्लाळ यांच्या लेखणीने व निष्ठेने ते राजदरबारी मान पावले. विसाव्या शतकात तलवारीचे दिवस सरले होते आणि दरबारही पालटले होते. परंतु लेखणी व निष्ठा यांचे काम संपले नव्हते. ते काम ज्या पुरुषाने अखिल भारताच्या तिजोरीपाशी बसून केले, त्या कै. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र स्मरणिकेच्या वाचकांपुढे संक्षेपाने ठेवीत आहे.

चिंतामणरावांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी रायगडच्या पायथ्यानजीक, महाडजवळील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश हे वकील. मातोश्रींचे नाव भागीरथीबाई. बालपण तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील रोह्याच्या परिसरात गेले. 1912 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला व वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले. देशाच्या चलनाचा हा भावी सूत्रधार पदवीने वनस्पतिशास्त्रज्ञ होता, हे वाचून कित्येकांना नवल वाटेल. 1918 साली लंडनच्या आय.सी.एस. परीक्षेतही त्यांचा क्रमांक पहिला लागला.

मध्यप्रांत-वऱ्हाडात त्यांची नेमणूक झाली. तेथे रायपूरच्या जमीनमहसुलाच्या फेरआकारणीपासून प्रांताच्या अर्थखात्याच्या सचिवपदापर्यंत त्यांनी वीस वर्षे कारभार पाहिला. 1931 साली लंडनला भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवमंडळातही ते होते. येथे सोलापूरकर वाचकाच्या मनात एक शंका आल्यावाचून राहणार नाही. 1930 च्या मे महिन्यात ज्या सरकारने आपल्या शहरावर लष्करी कायदा लादला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना फासावर चढविले, त्याच सरकारची चाकरी चिंतामणराव करीत होते. पुढे 1944 साली त्यांना सर ही पदवीही मिळाली. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी तुरुंगवास भोगला नाही, सत्याग्रह केला नाही. परंतु राज्य हाती आल्यावर ते चालविणारी माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न 1947 साली उभा राहिला तेव्हा त्याच्या उत्तरात चिंतामणरावांचे नाव अग्रभागी होते. हुतात्म्यांचे मोल निराळे आणि कारभाऱ्याचे निराळे. एकाच्या मापाने दुसऱ्यास मोजू नये, असे आम्हांस वाटते.

1939 साली ते रिझर्व्ह बँकेत आले. प्रथम सरकार व बँक यांच्यामधील संपर्काधिकारी, मग मध्यवर्ती मंडळाचे चिटणीस आणि 1941 च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर अशा पायऱ्या त्यांनी त्वरेने ओलांडल्या. 17 फेब्रुवारी 1943 रोजी गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे निधन झाले. ऐन महायुद्धाचा काळ. नोटांचा प्रसार भराभर वाढत होता, महागाईने जनता हैराण झाली होती. अशा वेळी बँकेचा भार चिंतामणरावांच्या खांद्यावर आला. त्या जागी तोवर एकही हिंदी मनुष्य बसला नव्हता, आणि गोऱ्या सरकारला निर्णय करण्यास सुमारे सहा महिने लागले. तेवढे दिवस त्यांनी गव्हर्नरपदाचे नाव नसताना गव्हर्नराचे काम केले. अखेर 11 ऑगस्ट 1943 रोजी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि भारताच्या नोटांवर प्रथमच एका हिंदी गव्हर्नराची, आणि तीही एका मराठी माणसाची, सही उमटली.

युद्धखर्चापोटी इंग्लंडकडे साचलेले भारताचे स्टर्लिंगमधील येणे 1,700 कोटी रुपयांच्या घरात गेले होते. ऋणको राज्यकर्ता आणि धनको त्याची वसाहत, असा तो विलक्षण व्यवहार. 1944 साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या परिषदेत भारतीय प्रतिनिधींनी हा प्रश्न मांडला. तो तेथे सुटला नाही. पण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत भारतास 40 कोटी डॉलरांचा वाटा मिळाला आणि पहिल्या पाच-सहा राष्ट्रांत त्याची गणना झाली. त्या शिष्टमंडळात चिंतामणरावांचा शब्द वजनदार होता.

फाळणीने याहूनही अवघड प्रसंग आणला. एका घराच्या वाटण्या झाल्या, तरी पेढी काही काळ एकच राहिली: 30 जून 1948 पर्यंत रिझर्व्ह बँक भारत व पाकिस्तान या दोहोंची बँक होती. काश्मीरमध्ये दोन्ही देशांच्या फौजा लढत असताना आणि पाकिस्तानला द्यावयाच्या 55 कोटी रुपयांवरून देश ढवळून निघाला असताना, दोन्ही सरकारांचे खाते एकाच दप्तरात ठेवणे ही सत्त्वपरीक्षाच होती. 1 जानेवारी 1949 रोजी बँक राष्ट्राच्या मालकीची झाली आणि त्याच वर्षी 30 जून रोजी ते गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले.

पंडित नेहरूंनी त्यांस विश्रांती मिळू दिली नाही. अमेरिका व युरोपातील आर्थिक वकिलात, 1950 साली स्थापन झालेल्या नियोजन मंडळाचे सभासदत्व आणि त्याच वर्षीच्या जूनपासून अर्थमंत्रिपद अशी कामे एकामागून एक आली. 1952 साली कुलाब्यातून ते लोकसभेवर निवडून गेले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या हाताखालून गेली. ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीतून निघालेल्या शिफारशीनुसार 1 जुलै 1955 रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत 400 नव्या शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर घातले गेले. सावकाराच्या वहीत अडकलेल्या जिल्ह्यांना याचे महत्त्व सांगावयास नको. जानेवारी 1956 मध्ये आयुर्विम्याचा धंदाही एका वटहुकुमाने सरकारच्या ताब्यात आला.

त्याच जानेवारीत चिंतामणरावांच्या आयुष्यातील खरा कसोटीचा क्षण आला. मुंबई शहर केंद्राच्या अमलाखाली ठेवण्याची घोषणा 16 जानेवारीस झाली. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. अर्थमंत्र्यांनी राजीनामा देऊ केला, परंतु तो लगेच अमलात आला नाही, आणि ते पदावर राहिले. या सहा महिन्यांबद्दल महाराष्ट्रात पुष्कळांनी त्यांना बोल लावला. भाषेच्या सीमेवर वसलेल्या सोलापुरात तर एकभाषी राज्याचा प्रश्न घराघरांतला होता. तेथे ही दिरंगाई खुपली असल्यास आश्चर्य नाही. मात्र जूनमध्ये मुंबईच्या काँग्रेस महासमितीपुढे नेहरूंनी ते शहर आणखी पाच वर्षे केंद्राकडेच राहील असे जाहीर केले, तेव्हा चिंतामणरावांना राहणे अशक्य झाले. जुलै 1956 मध्ये ते बाहेर पडले. लोकसभेतील निवेदनात त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले: इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळास न विचारता जाहीर झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली. स्वतःच्या पंतप्रधानांवर भर सभागृहात असा आरोप करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते. उशिरा का होईना, त्यांनी जे केले ते पूर्ण केले. मागाहून खाजगीत कुरकुरत बसले नाहीत. ऑगस्टअखेर नवा अर्थमंत्री येईपर्यंत ते खाते नेहरूंनी स्वतःकडे ठेवले. नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई राज्य आले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य, मुंबईसह.

ज्ञातीच्या स्मरणिकेत सहसा न लिहिली जाणारी एक गोष्ट येथे लिहितो. चिंतामणरावांचे दोन्ही विवाह ज्ञातीबाहेरचे होते. पहिल्या पत्नी रोझिना या इंग्रज. त्या 1949 साली निवर्तल्या. 22 जानेवारी 1953 रोजी त्यांनी घटना समितीच्या सभासद व आंध्र महिला सभेच्या संस्थापक दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. ज्ञातीचे भूषण म्हणून ज्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो त्यांच्या चरित्रातील हे पान वगळण्याचा अधिकार आपणांस नाही.

सत्ता सुटली तरी काम सुटले नाही. 1956 ते 1961 ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते, नंतर 1967 पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. 1959 साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कालिदासाच्या मेघदूताचे त्यांनी मराठीत भाषांतर केले, गांधीजींची वचने संस्कृत पद्यात उतरविली आणि स्वतःही संस्कृतात काव्यरचना केली. हिशेबनिसाच्या बोटांना गीर्वाणवाणीचा हा छंद शाळेपासूनच लागला होता. 1969 साली स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या चुरशीत ते तिसऱ्या स्थानी आले. मतांचे मूल्य 1,12,769. 1975 साली पद्मविभूषण हा किताब पति-पत्नी दोघांसही एकाच वर्षी मिळाला.

उत्तरायुष्य हैदराबादेत गेले. 9 मे 1981 रोजी दुर्गाबाई वारल्या, आणि 2 ऑक्टोबर 1982 रोजी त्याच शहरी चिंतामणरावांनी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय 86 वर्षांचे होते.