पिठातल्या अळीची साक्ष

चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे लोणच्यांवर किंवा वाळवणांवर लिहीन असे त्यांना वाटले असावे. परंतु एका परदेशी बाईंविषयी लिहावयाचे मी पुष्कळ दिवसांपासून मनात धरले होते. त्यांचे नाव नेटी मारिया स्टीव्हन्स. माझी धाकटी मुलगी विद्यापीठाच्या आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या तोंडून हे नाव मी प्रथम ऐकले. ही धाकटी म्हणजे माझी तिसरी मुलगी. तिच्या बारशाला आमच्या घरी ना पेढे वाटले गेले, ना बर्फी. एवढे सांगितले म्हणजे पुष्कळ भगिनींना पुढचे न सांगताच कळेल.

नेटीबाईंचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. आई नेटी अगदी लहान असतानाच गेली. पुढे हे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधील वेस्टफर्ड येथे राहावयास गेले. तेथे नेटी व तिची बहीण एमा अशा दोघींनाही वडिलांनी चांगले शिकू दिले. या सुताराचे आपण आभार मानले पाहिजेत असे मला वाटते. शिकलेल्या मुलीला त्या काळी अमेरिकेतही शिक्षिका होण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. नेटीबाईंनी शाळेत शिकविले, काही दिवस ग्रंथपालाचे काम केले, आणि पगारातून काटकसरीने पैसे बाजूला टाकले.

१८९६ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्या कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. आपल्यापैकी किती जणींनी पस्तिसाव्या वर्षी नवीन वही घातली असती? १८९९ मध्ये पदवी व १९०० मध्ये एम्. ए. झाल्यावर त्या ब्रिन मॉर येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात आल्या. हे ठिकाण फिलाडेल्फिया शहराजवळ आहे. त्याच फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या होत्या. आनंदीबाई नेटीबाईंपेक्षा चार वर्षांनी लहान. परंतु नेटीबाई तेथे पोहोचल्या, तेव्हा आनंदीबाईंना जाऊन तेरा वर्षे झाली होती.

ब्रिन मॉरला थॉमस हंट मॉर्गन हे प्राध्यापक होते. नेटीबाईंनी तेथे संशोधन केले, मध्यंतरी युरोपात नेपल्स व व्युर्झबुर्ग येथील प्रयोगशाळांतही काम केले, आणि १९०३ साली डॉक्टरेट मिळविली. नेपल्सविषयी एक गोष्ट आपल्या मंडळाला आवडेल. तेथील सागरी प्रयोगशाळेत स्त्रियांसाठी एक टेबल राखून ठेवता यावे म्हणून अमेरिकेतील स्त्रियांनी व त्यांच्या महाविद्यालयांनी पैसे जमवून एक संस्था चालविली होती. याच संस्थेने स्त्रियांच्या उत्तम शास्त्रीय निबंधासाठी एक हजार डॉलरचे बक्षीस ठेवले होते. ते १९०५ साली नेटीबाईंना मिळाले. निबंधाचा विषय होता मावा. गुलाबाच्या कोवळ्या फांद्यांवर बसतो, तोच. वर्गणीच्या पैशाने काय होते, असे विचारणाऱ्यांना मी आता हे सांगत असते.

त्या काळी मुलगा होणार की मुलगी, हे कशावरून ठरते याविषयी विद्वानांतही नाना मते होती. गर्भवतीला अन्न किती मिळते, हवा उष्ण आहे की थंड, यावर ते अवलंबून असते असे पुष्कळांना वाटे. म्हणजे सगळी जबाबदारी येऊन जाऊन आईच्याच शरीरावर. आपल्या घराघरांतल्या समजुती याहून फार निराळ्या नव्हत्या.

नेटीबाईंनी या प्रश्नासाठी घेतली ती पिठात व कोंड्यात वाढणारी एका काळ्या भुंगेऱ्याची अळी. आपण पीठ चाळताना असली अळी दिसली की नाक मुरडून टाकून देतो! त्यांनी नराच्या पोटातील बीजग्रंथी काढल्या, मेणात बसवून त्यांचे अतिशय पातळ काप घेतले, रंगविले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतील गुणसूत्रे मोजली. जुन्या पुस्तकांत यांनाच रंगसूत्रे म्हणत, कारण रंग दिल्यावरच ती नीट दिसतात. हे काम महिनेच्या महिने चालते. माझी मुलगी सांगते की आजही प्रयोगशाळेत निम्म्याहून अधिक दिवस नुसते तयारीत जातात, आणि संध्याकाळी हाती काही लागलेले नसते.

नेटीबाईंना दिसले ते असे. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत एकोणीस मोठी, आणि एक लहान. बीजे तयार होताना ही संख्या निम्मी होते. मादीच्या प्रत्येक बीजात दहा मोठी येतात, त्यात फरक नाही. नराची मात्र निम्मी बीजे दहा मोठ्या गुणसूत्रांची, व निम्मी नऊ मोठी आणि एक लहान अशी. पहिल्या प्रकारचे बीज मिळाले तर मादी होते, दुसऱ्या प्रकारचे मिळाले तर नर. आईच्या अन्नाचा, उष्णतेचा किंवा पुण्याईचा येथे काही संबंध नाही. बापालाही दोष देण्याचे कारण नाही म्हणा. कोणते बीज पुढे जाईल हे त्याच्या तरी हाती कुठे असते?

हा निबंध १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाचे एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे असाच शोध प्रसिद्ध केला. विल्सन मोठे शास्त्रज्ञ होते. पण बाह्य परिस्थितीचाही यात हात असावा, ही शंका त्यांनी तेव्हा पुरती सोडली नव्हती. नेटीबाईंचे म्हणणे अधिक ठाम होते. पुढे आणखी अनेक जातींचे भुंगेरे व माश्या तपासून त्यांनी ते पक्के करीत नेले. तरी पुष्कळ वर्षे पुस्तकांत नाव राहिले विल्सन यांचे. मॉर्गन यांना तर हे मत प्रथम पटलेच नव्हते. कोलंबियातील त्यांच्या प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांतून फळमाश्या पाळीत. तेथे १९१० नंतर जे दिसले त्याने त्यांचे मन बदलले, आणि १९३३ साली नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मॉर्गन कोत्या मनाचे नव्हते. बक्षिसाची रक्कम त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांच्या मुलांबरोबर वाटून घेतली. परंतु नेटीबाईंवर मृत्युलेख लिहिताना त्यांनी तिच्या चिकाटीची व अचूक नजरेची वाखाणणी केली, आणि व्यापक दृष्टी मात्र तिला कमी होती असाही शेरा मारला. मला हे वाचून राग आला, तो अजून गेलेला नाही. पुराव्याने जेवढे दाखविले तेवढेच बोलणे, याला का कमी दृष्टी म्हणावयाचे?

ब्रिन मॉरने नेटीबाईंसाठी संशोधनाची खास प्राध्यापकी निर्माण केली, पण ती स्वीकारण्यापूर्वीच ४ मे १९१२ रोजी बाल्टिमोर येथे स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे पन्नास. संशोधनाला आरंभ करून जेमतेम बारा वर्षे झाली होती, आणि तेवढ्यात त्यांचे अडतीसच्या आसपास निबंध छापून झाले होते.

मनुष्यात ते लहान गुणसूत्रच पुरुषत्व ठरविते, हे १९५९ साली सिद्ध झाले. पुढे गर्भजलातील पेशींची तीच गुणसूत्रे पाहून आपल्याकडे काय केले गेले, हे लिहिताना हात जड होतो. त्यासाठी महाराष्ट्राला १९८८ साली व देशाला १९९४ साली कायदा करावा लागला. पिठातल्या अळीचा त्यात काय अपराध!

काही वर्षांपूर्वी धाकटी सुट्टीत आली असता तिने आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे समजावून सांगितले. पाटावर हरभरे मांडले, आणि एका ओळीत शेवटी एक मोहरी ठेवली. सासूबाईंना माझ्या यजमानांच्या आधी चार मुली झाल्या होत्या. चौथीच्या वेळी त्यांना माहेरीच ठेवण्याची भाषा झाली होती, हे मी शेजारणींकडून ऐकले होते. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. त्या बराच वेळ मोहरीकडे पाहत राहिल्या. मग हे कोणत्या साली कळले, असे त्यांनी विचारले. मुलीने १९०५ सांगितले. सासूबाईंनी बोटांवर हिशोब केला. त्यांचा स्वतःचा जन्म त्यानंतर तीस वर्षांनी झाला होता. त्यांनी हरभरे गोळा केले, मोहरी उचलून डब्यात परत टाकली, आणि तिन्हीसांजेचा दिवा लावण्यासाठी त्या देवघरात गेल्या.