भाऊसाहेब पंजाबराव देशमुख

बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी मेहकर हे एक जुने गाव आहे. मोगल अमदानीत ते वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. पुढे ते तालुक्याचे गाव झाले. शार्ङ्गधर बालाजीच्या भव्य मूर्तीचे दर्शन घेण्यासाठी तेथे दूरदूरची माणसे येतात. परंतु गावात राहणाऱ्यांचे रोजचे विषय निराळेच असतात. विहिरीला पाणी किती उरले आहे, शाळेत गुरुजी आले की नाहीत, नाल्यावरची वाट पावसाळ्यात टिकेल का, यंदा कापसाला भाव काय मिळेल, हेच प्रश्न माणसे एकमेकांना विचारीत असतात. अशा गावचा कारभार पाहणाऱ्या माणसाने उद्या दिल्लीस जाऊन देशाचा कारभार पाहावा, असे कोणी म्हटले तर ऐकणारे हसतील. विहिरी आणि नाले मोजणाऱ्याला देशाचे प्रश्न कसे उमगणार, अशी शंका त्यांच्या मनात येईल.

ही शंका अगदीच चुकीची नाही. परंतु तिचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावयास नको. मेहकर ज्या वऱ्हाडात आहे, त्याच वऱ्हाडात एक पुरुष असा होऊन गेला की, ज्याने जिल्ह्याच्या विहिरींपासून आरंभ केला आणि पुढे दहा वर्षे देशाच्या शेतीचा भार वाहिला. त्यांचे नाव डॉ. पंजाबराव देशमुख. वऱ्हाडातील लोक त्यांना आदराने भाऊसाहेब म्हणतात.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. वडील शामराव व आई राधाबाई ही शेतकरी कुटुंबातील माणसे होती. पापळ येथे आरंभीचे शिक्षण झाल्यावर पुढच्या इयत्तांसाठी त्यांना चांदूर व कारंजा येथे जावे लागले. नंतर अमरावतीस हायस्कूलचे आणि पुण्यास फर्ग्युसन कॉलेजातील शिक्षण झाले. १९२० साली ते विलायतेस गेले. घरची स्थिती बेताची होती, तरी मुलाच्या शिक्षणासाठी वडिलांनी कर्जाचा भार पत्करला. पंजाबरावांनीही त्या कष्टांचे चीज केले. एडिंबरो येथे त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली. ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. आणि त्याबरोबरच ते बॅरिस्टरही झाले.

१९२६ साली ते मायदेशी परत आले. एवढ्या विद्येचा मनुष्य मुंबईसारख्या शहरी राहता तर पैसा व मान त्याच्या पायाशी चालत आले असते. पंजाबरावांनी अमरावतीत वकिली सुरू केली आणि खेड्यांतून शिकण्यासाठी येणाऱ्या मुलांकरिता श्रद्धानंद छात्रालय काढले. या छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहत. १९२७ साली त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या निमित्ताने अमरावतीस आले होते. पंजाबराव या चळवळीच्या पाठीशी उभे राहिले.

१९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या जिल्हा परिषदेसारखीच ती संस्था होती. शाळा, रस्ते, दवाखाने आणि विहिरी यांची व्यवस्था पाहणे हे तिचे काम होते. ज्याने ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात वेदांचा अभ्यास केला, त्याच्यापुढे आता गावोगावचे अर्ज येऊन पडू लागले. पंजाबरावांनी हे काम हलके मानले नाही. त्यांनी जिल्ह्यातील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.

आज हे वाक्य वाचताना त्यातील कठीणपणा ध्यानात येत नाही. कौन्सिलच्या सभेत ठराव करण्यास काही घटका पुरतात. परंतु ठराव विहिरीवर जाऊन दोर ओढीत नाही. पाणी भरण्यासाठी कोणाला तरी घागर घेऊन पुढे व्हावे लागते, आणि त्या वेळी काठावर सारा गाव उभा असतो. शिवाय ज्या गावकऱ्यांना हा ठराव रुचला नाही, त्यांच्याच मतांवर पुढची निवडणूक अवलंबून असते. मोठ्या शहरातील पुढाऱ्याला भाषणात समता सांगून घरी जाता येते; जिल्ह्याच्या अध्यक्षाला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच माणसांत वावरावे लागते. कायदा करणे आणि तो माणसांच्या अंगवळणी पाडणे या दोन गोष्टींतील अंतर पंजाबरावांनी येथे आपल्या डोळ्यांनी पाहिले.

दुसरा धडा पैशाचा होता. खेड्यांतील मुलांना शिक्षण मिळावे, ही त्यांची तळमळ होती. परंतु शाळा नुसत्या तळमळीवर चालत नाहीत. इमारत हवी, शिक्षक हवेत, त्यांना वेतन हवे. म्हणून त्यांनी शिक्षणासाठी कर वाढविला. शाळा सर्वांनाच हवी असते, कर मात्र कोणालाच नको असतो. कर देणारा शेतकरी रोज दारात भेटत असता कर वाढविण्यास धैर्य लागते. आणि त्याहूनही अधिक, त्या पैशाचा हिशेब चोख ठेवावा लागतो. गावातील मनुष्य शाळेच्या भिंतीकडे बोट दाखवून आपला पैसा कोठे गेला हे विचारू शकतो.

१९३० साली पंजाबराव मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून आले आणि मंत्री झाले. शिक्षण व शेती ही खाती त्यांच्याकडे आली. देवस्थानांच्या संपत्तीचा विनियोग लोकहितासाठी व्हावा म्हणून त्यांनी १९३२ साली विधेयक आणले. त्यास मोठा विरोध झाला. त्या काळी जगभर मंदी पसरली होती. कापसाचे भाव कोसळले होते आणि वऱ्हाडातील शेतकरी सावकारी कर्जात बुडाला होता. १९३३ साली या प्रांतात कर्जलवाद कायदा झाला, त्यामागे पंजाबरावांचा आग्रह होता. या कायद्याने सावकार व ऋणको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम तडजोडीने ठरविण्याची सोय केली. वडिलांच्या डोक्यावरचे कर्ज ज्याने पाहिले होते, त्याला हा कायदा का हवा होता हे निराळे सांगावयास नको.

मंत्रिपद गेल्यावरही काम थांबले नाही. श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे त्यांनी वऱ्हाडात शाळा व महाविद्यालये यांचे जाळे विणले. पुढे १९४६ साली घटना समितीचे सभासद म्हणून ते दिल्लीस गेले. तेथे शेतकरी व मागासलेले वर्ग यांच्या बाजूने ते वारंवार बोलले. १९५२ साली अमरावतीच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिले आणि पंडित नेहरूंच्या सरकारात शेतीचे काम त्यांच्याकडे आले. १९६२ सालापर्यंत ते या कामावर होते. अन्न व कृषी खात्याचे प्रमुख मंत्री या काळात बदलत गेले. प्रथम रफी अहमद किडवाई, मग अजितप्रसाद जैन, मग स. का. पाटील आले, पंजाबराव मात्र शेतीच्या कामाशी बांधलेले राहिले.

येथे त्यांच्या जिल्ह्यातील अनुभवाची खरी कसोटी लागली. पहिली अडचण ज्ञानाची होती. वऱ्हाडची जमीन काळी. तेथे कापूस आणि ज्वारी पिकते. देशातील कोट्यवधी लोकांचे अन्न मात्र तांदूळ. पापळच्या शिवारात भातशेतीचे ज्ञान मिळण्यासारखे नव्हते. दुसरी अडचण अधिकाराची होती. आपल्या राज्यघटनेने शेती हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षाचा हुकूम विहिरीपर्यंत पोहोचत असे. दिल्लीच्या मंत्र्याला एखाद्या शेताच्या बांधावर हुकूम करता येत नव्हता. पद मोठे झाले होते, पण हात आखूड झाले होते.

जे ठाऊक नव्हते ते पंजाबरावांनी नव्याने शिकून घेतले. १९५३ सालापासून देशात जपानी भातशेतीचा मोठा प्रचार झाला, त्यात ते अग्रभागी होते. निवडक बियाणे, उंच वाफ्यांवर केलेली रोपे, ओळींत लावणी, ओळींमधून कोळपणी आणि पुरेसे खत अशी ही रीत होती. हे काम हुकमाने होणारे नव्हते. शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या शेतात पीक दिसले पाहिजे, तेव्हा तो आपली वहिवाट सोडतो. लोकांच्या मनात न उतरलेला ठराव कागदावरच राहतो, हे त्यांना विहिरींच्या काळापासून माहीत होते. म्हणूनच १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. शेतकऱ्यांनी एकत्र यावे आणि आपले म्हणणे स्वतः मांडावे, हा त्यामागचा हेतू होता. १९५९ साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्यामागेही त्यांचेच परिश्रम होते. अनेक देशांनी आपली शेतीची साधने व पद्धती तेथे मांडल्या.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे पंजाबरावांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते अमरावतीचे खासदार होते.

आता आरंभीच्या शंकेकडे वळू. लहान गावाचा कारभार केल्याने मनुष्य देशाच्या कारभारास लायक होतो काय? आपोआप होत नाही. जिल्ह्याच्या सभेत जन्मभर बसूनही भांडणांपलीकडे काही न शिकलेली माणसे असतात. लहान जागी देशाविषयीची सारी माहितीही मिळत नाही. ती पंजाबरावांनाही पुढे मिळवावी लागली. परंतु लहान जागी काही सवयी लागू शकतात. ज्याच्यासाठी निर्णय घ्यावयाचा, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवण्याची सवय; पैसा कोणाच्या घामातून आला हे न विसरण्याची सवय; आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाची घागर भरली की नाही, हे पाहण्याची सवय. या सवयी मोठ्या पदावर गेल्यावर लावून घेणे कठीण असते, कारण तेथून विहीर दिसत नाही.

१९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते पंजाबरावांच्या नावाने ओळखले जाते आणि विदर्भातील अकरा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यांत मेहकरचे शिवारही आहे. मृगाचा पाऊस पडल्यावर पैनगंगेकाठचा शेतकरी बियाण्याचा विचार करू लागतो, तेव्हा अकोल्याच्या विद्यापीठाचे नाव त्याच्या बोलण्यात येते. त्या नावाचा मनुष्य दिल्लीपर्यंत पोहोचला होता. पण त्याच्या कामाचा आरंभ अशाच एका गावच्या विहिरीवर झाला होता.