गोल्डन रूलचा दुकानदार

थोर पुरुष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सेनानी, संत नाही तर कवी उभे राहतात. दुकानदार सहसा आठवत नाही. मला मात्र जेम्स कॅश पेनी या अमेरिकन दुकानदाराने विचार करायला लावले.

१८७५ साली मिझुरी राज्यात एका गरीब धर्मोपदेशकाच्या घरी तो जन्मला. आठव्या वर्षापासून कपड्यांपुरते पैसे स्वतः मिळवावेत, असा वडिलांचा दंडक होता. पुढे कोलोरॅडोत त्याने मांसविक्रीचे दुकान काढले. हॉटेलच्या आचाऱ्याला दर आठवड्याला दारूची बाटली देण्याचे त्याने नाकारले. मोठे गिऱ्हाईक तुटले, दुकान बुडाले.

१९०२ साली वायोमिंगमधील केमरर या खाणकामगारांच्या गावी 'गोल्डन रूल' नावाच्या कापडदुकानात त्याने एक तृतीयांश भागीदारी घेतली. दोन हजार डॉलर्सपैकी पाचशे स्वतःचे, बाकीचे कर्जाऊ. गावाला उधारीची सवय. याचा व्यवहार मात्र रोखीचा.

आपल्याला जसे वागवले जावेसे वाटते तसे दुसऱ्याला वागवावे, हा त्या नावाचा अर्थ. पेनीने तो नोकरांनाही लागू केला. होतकरू कारकुनाला नव्या दुकानात भागीदार करायचे आणि त्याने पुढचा माणूस तयार करायचा, ही त्याची रीत. १९१३ साली या दुकानांना जे. सी. पेनी हे नाव मिळाले. १९२८ पर्यंत ती हजारावर गेली.

१९२९ नंतरच्या मंदीत त्याची संपत्ती गेली, प्रकृती खचली. तरी तो सावरला. १९७१ साली, ९५ व्या वर्षी तो वारला.

२०२० साली त्याच्या कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. दुकाने उघडतात, मिटतात. पण हाताखालच्या माणसाला शेजारी बसवणारा मालक विरळाच! पेनी मला मोठा वाटतो तो त्यामुळे.