कागदांची ओळख पटविणारे राजवाडे

पुणे, प्रतिनिधी

कसबा पेठेतील जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत. वाडा पाडण्यापूर्वी माळा रिकामा होतो आणि कधी कधी धुळीने माखलेल्या मोडी कागदांचे रुमाल खाली येतात. हे कागद कोणाचे, कोणत्या सालचे आणि अस्सल की बनावट, हे ठरण्याआधीच ते रद्दीत जाण्याचा धोका असतो. याच तीन प्रश्नांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाडे यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई येथे झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. पुण्यात डेक्कन महाविद्यालयातून त्यांनी बी. ए. ची पदवी घेतली. ऐन तारुण्यात पत्नीचे निधन झाले; त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. नोकरीतही ते रमले नाहीत.

वाई येथे मिळालेल्या पत्रांनी त्यांच्या जीवनाला दिशा दिली. ही पत्रे १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या संग्रामापर्यंतची होती. त्यांच्या आधारे १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. बखरी घटनांनंतर रचलेल्या असतात, त्यामुळे समकालीन पत्राच्या कसोटीला उतरल्याखेरीज त्यांवर विसंबू नये, ही शिस्त त्यांनी मराठी इतिहासलेखनाला लावली.

ही कसोटी सोपी नव्हती. अनेक पत्रांवर मुसलमानी महिन्याची तारीख असे, साल मात्र नसे. मजकुरातील माणसे, मोहिमा आणि मुक्काम यांची सांगड घालून साल ठरवावे लागे. सरकारी कागदाच्या माथ्यावर मुद्रा, अखेरीस मोर्तब आणि दप्तरात नोंद झाल्याची ‘बार’ ही खूण असे. वतनाच्या तंट्यांत बनावट कागदही पुढे येत. म्हणून शिक्का, अक्षर, कागद आणि भाषा या साऱ्यांची साक्ष जुळावी लागे.

कागदांच्या शोधात राजवाडे महाराष्ट्रभर हिंडले. राहणी साधी, स्वभाव करारी. घराण्याचे दप्तर परक्याच्या हाती देण्यास लोक कचरत. कित्येक ठिकाणी वाळवी आधीच पोहोचलेली असे. जमविलेले धन एका व्यक्तीच्या घरी राहू नये, या जाणिवेतून त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासमवेत ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कसब्यापासून फार दूर नसलेल्या सदाशिव पेठेत मंडळाचे कार्य आजही चालू आहे.

पण खुद्द राजवाड्यांच्या चरित्रातच एक सल आहे. बीड येथे मिळालेल्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ही प्रत एकनाथांनी शुद्ध केलेल्या प्रतीपेक्षा जुनी असल्याचा त्यांचा दावा होता. मूळ पोथी पुढे नाहीशी झाली. छापील ग्रंथ उरला; परंतु पोथीचा कागद आणि अक्षर तपासून दाव्याचा निवाडा करण्याचा मार्ग बंद झाला.

आज वस्तूचा माग ठेवण्यासाठी ‘आरएफआयडी’ ही रेडिओ लहरींवर चालणारी चिठ्ठी आहे. ग्रंथालयांतील पुस्तकांवर ती असते; मोटारीच्या काचेवरील फास्टॅगही त्याच जातीचा. नखाहून लहान चीप आणि बारीक अँटेना एवढाच तिचा संसार. साध्या चिठ्ठीत बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या लहरींवरच ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. पोथीच्या वेष्टनात अशी चिठ्ठी असती, तर ती दाराबाहेर जाताच कळले असते. मात्र चिठ्ठी केवळ स्वतःचा क्रमांक सांगते. त्या क्रमांकापुढे कोणता कागद, कोठून आला आणि अस्सल कशावरून, ही नोंद जाणकारालाच करावी लागते. नोंदच चुकली, तर चिठ्ठी ती चूक इमानाने सांगत राहील. ‘बार’ची खूणही दप्तरातील नोंदीशी ताडून पाहिल्यावरच पुरती बोलकी होई.

राजवाड्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत. व्युत्पत्ती आणि समाजशास्त्राच्या प्रांतात त्यांची झेप कधी पुराव्याच्या पुढे गेली. त्यांनी छापून ठेवलेली साधने मात्र अभ्यासकांना आजही लागतात. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जपणुकीसाठी तेथे १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

कसब्यातील माळ्यावरून उतरणाऱ्या रुमालाला चिठ्ठी नंतरही लावता येईल. आधी तो रद्दीच्या गाडीत न टाकता जाणकाराच्या हाती पोहोचायला हवा.